भिलाआप्पांची उलटतपासणी

रविवारी दुपारचा इंग्रजी पिक्चर संपला की भिलाआप्पा आमच्या जबान्या घेतात. सगळ्यांना एकत्र बसवून नव्हे, एकेकाला वेगळं गाठून. हिलालदादाला पिठाच्या गिरणीपाशी, वानखेडेकाकांना त्यांच्या जिन्यात आणि मला ओट्याच्या टोकाला, कडुनिंबाखाली. जवळ येतात, आजूबाजूला बघतात आणि सुरू करतात. "हां, सांग. ती बाई दार लाईसन काबरं रडनी?"

मी सांगतो. माझं सांगून व्हायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो. "तू स्वतः देखं का? का हिलालनी सांगं तुले?"

हे सगळं कुजबुजत चाललंय असा त्यांचा समज आहे. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे आप्पांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलाय. त्यांची कुजबुज चौथ्या गल्लीत ऐकू जाते. त्यामुळे पहिल्या साक्षीदाराने काय सांगितलं हे दुसऱ्याला आणि तिसऱ्याला आयतंच कळतं. तरीही आमच्या जबान्या कधी जुळत नाहीत, आणि आप्पांचा संशय वाढत जातो.

जबान्या जुळणार कशा? आमच्यापैकी इंग्रजी कोणालाच येत नाही. मी सचिन गावच्या एका मिलमध्ये माल पाठवायला, डिस्पॅचला होतो, त्यामुळे मला मालाच्या चलनावरचं इंग्रजी येतं. 'डॅमेज', 'शॉर्टेज', 'रिटर्न' एवढंच. पडद्याच्या खालच्या पट्टीवर अक्षरं पळत असतात, त्यात यातला एखादा शब्द सापडला की मी पुढची कथा जुळवून घेतो. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच, आणि सुरतेत सुताला काय तोटा! पण तेवढ्यावर सोसायटीने मला विद्वान ठरवलंय. सगळे मला बाबूभाऊ म्हणतात.

हिलालदादा लूम दुरुस्त करणारा माणूस. त्याला प्रत्येक पिक्चरमध्ये खून दिसतो. वानखेडेकाका रंगकाम करायचे, मूळचे अकोल्याकडचे. त्यांना प्रत्येक पिक्चरमध्ये लफडं दिसतं. "अरे भाऊ, तिचं त्या डॉक्टरसंग जमलं होतं ना, तुले नाही दिसलं?" असं ते इतक्या खात्रीने सांगतात की मलाही वाटायला लागतं, जमलं असेल बुवा.

आता सुरतेतल्या नवागामसारख्या वस्तीत आम्ही हे काळेपांढरे इंग्रजी पिक्चर बघतोच का, असं कोणी विचारेल. त्याचं कारण साधं आहे. आठवडाभर रिमोट सुनांच्या हातात असतो. रविवारी दुपारी त्या जरा पडतात, तेव्हा तो आपापल्या घरी आमच्याकडे येतो. हा चॅनेल कुठल्याशा पॅकमध्ये फुकट आला होता, तो काढायचा राहून गेला. शिवाय त्या पिक्चरमध्ये माणसं भांडतानासुद्धा कोट घालून, टोपी काढून भांडतात. आमच्या पाण्याच्या टँकरपाशी चालतात तसली भांडणं तिथे नसतात. ते बघायला बरं वाटतं.

आप्पांचा संशय पिक्चरपुरता नाही हे सांगायला हवं. चहा आला की आधी आणणाऱ्याने घोट घ्यायचा, मग आप्पा घेणार. टपरीवाला गुजराती आहे, तो बिचारा दर वेळी "लो काका, जुओ" म्हणत स्वतः पिऊन दाखवतो. रोज आप्पांच्या खर्चाने त्याचा अर्धा कप चहा होतो, पण तिकडे आप्पांचं लक्ष नाही. भेंडी घेतली तर प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघणार. लग्नपत्रिका आली तर, "आपलेच काबरं बलावं? कोनी येत नही का त्यासनाकडे?" रिक्षावाल्याने जवळचा रस्ता घेतला तरी, "आज जवळना रस्तावरून काबरं नेस हाऊ?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आप्पा ताक करणाऱ्या बाईलाच फुंकून बघतात.

आप्पांना दोन मुलं. थोरला गावाकडे, खानदेशात पारोळ्याच्या अलीकडे. तिथे त्याचं घर, थोडी शेती आणि एक म्हैस. धाकटा इथे, आमच्याच सोसायटीत. आप्पांचं काम सुटलं तेव्हा दोघा भावांनी बसून वाटणी केली. शेत थोरल्याला, सुरतची खोली धाकट्याला. मग आई थोरल्याकडे, कारण म्हैस कोण बघणार? आणि बाप धाकट्याकडे, कारण इथे सून घरात साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते, नातवाला शाळेत कोण नेणार? कोणी भांडलं नाही, कोणी रडलं नाही. सुरतेत अशी घरं पुष्कळ आहेत, आम्हालाही त्यात काही वाटलं नाही. मथुरावहिनी, म्हणजे आप्पांची बायको, इथे दिवाळीला दिसतात, चार दिवसांनी परत जातात. मधे कधी आप्पांनी स्वतःहून गाडी पकडावी, तर तेही त्यांच्या स्वभावात नाही. एकाच्या हिश्शात आलेला बाप न बोलावता दुसऱ्याच्या दारात कसा उभा राहणार? कोणीतरी न्यायला, सोडायला हवं, असं ते मानतात. ते कोणी करत नाही.

तर हा असा माणूस दर रविवारी आमची उलटतपासणी का घेतो, हा आम्हाला प्रश्न पडायला लागला. पिक्चर तर तेही बघतात. मग आमच्याकडून काढून घेतलेल्या गोष्टीचं ते करतात काय? संशय संसर्गजन्य असतो. आप्पांच्या संगतीत आम्ही तिघंही संशयी झालो होतो.

"हाऊ लूमवर जाईसन आपल्या गोष्टी सांगत असेल," हिलालदादा म्हणाला. "स्वतःना नावावर."

"नाही रे. त्याचा टीव्हीच बंद आहे," वानखेडेकाका म्हणाले. "रिचार्ज संपला, सांगायची लाज."

माझा तर्क वेगळा होता. आप्पा पिक्चर लावून झोपत असणार आणि शेवट आमच्याकडून वसूल करत असणार. कारण त्यांची सगळी चौकशी शेवटाभोवती फिरायची. मधलं कसंही असो. शेवटाला कोण कुठे उभं होतं, कोण कोणाकडे बघत होतं, हे मात्र त्यांना तीनतीनदा लागायचं.

आणि मग तो रविवार आला.

त्या दिवशीच्या पिक्चरमध्ये एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारा कामासाठी शहरात जातो, जाताना लवकर येतो म्हणून सांगतो. बाई रोज स्टेशनवर येऊन बसते. मधे शहरातलं बरंच काही होतं, त्यात आमचं एकमत नाही. शेवटी एक गाडी येते, धूर होतो, सगळे उतरतात. म्हातारा उतरत नाही. बाई थोडा वेळ थांबते आणि एकटीच घराकडे चालायला लागते. पडदा काळा.

आप्पांनी नेहमीप्रमाणे जबान्या घेतल्या. हिलालदादा म्हणाला, म्हाताऱ्याला शहरात कोणीतरी मारलं, म्हणून आला नाही. वानखेडेकाका म्हणाले, त्याने तिकडे दुसरी केली, म्हणून आला नाही. मी म्हणालो, का ते माहीत नाही, पण आला नाही. पट्टीवर 'रिटर्न' कुठेच नव्हतं, मी नीट बघितलं होतं.

आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा तिन्ही साक्षीदारांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. आप्पांनी खूश व्हायला हवं होतं. ते माझ्यावर भडकले.

"चूक! परत आठव."

"आप्पा, मी स्वतः बघितलं."

"तुले काय दिसस? चष्मा केव्हाना शे तुना?" म्हणत ते तरातरा निघाले आणि आमच्या बिल्डिंगचा जिना चढून गच्चीकडे गेले.

आता मात्र मला राहवेना. हा गृहस्थ नक्की काहीतरी लपवतो. टाकीतलं पाणी बघायचं निमित्त केलं आणि मीही पाठोपाठ गेलो. गच्चीच्या दाराशी पोचलो तोच आवाज कानावर आला. चोरून ऐकायची गरजच नव्हती. आप्पांचे कान गेलेले, त्यामुळे फोन स्पीकरवर, पूर्ण मोठ्याने. ते टाकीच्या सावलीत पाय पसरून बसले होते आणि मथुरावहिनींना पिक्चर सांगत होते.

म्हणजे वहिनीही तिकडे तोच पिक्चर बघत होत्या. पण साडेचारच्या सुमारास म्हैस हंबरते आणि त्यांना उठावं लागतं. दर रविवारी शेवट राहतो.

"गाडी ऊनी तठलोंग देखं मी," वहिनी म्हणत होत्या. "मंग म्हैस वरडाले लागनी, मी उठी गऊ. म्हातारा उतरना का गाडीमाईन?"

"उतरना ना!" आप्पा म्हणाले. "सगळास्ना शेवट उतरना."

"खरं सांगतस ना? माले वाटनं, नई येणार तो."

आप्पांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. त्यांनी मान वर केली आणि मी दारात दिसलो. माझी उलटतपासणी होणार म्हणून मी टाकीकडे बोट दाखवलं. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांनी मला फक्त दरडावलं होतं. आज ते विनवत होते. मला ते बघवेना.

"हाऊ बाबूभाऊ ऊना शे," ते फोनमध्ये म्हणाले. "त्यानी देखं शे. त्याले इचार." आणि फोन माझ्यापुढे धरला.

"भाऊ, बरा शेतस ना?" वहिनी म्हणाल्या. "तसं यासले इंग्रजी चांगलं येस. नवी नवरी व्हती ना मी, तव्हयपासून माले सगळं समजाडी सांगतस. पन आते कान ग्यात यासना. म्हनीसन इचारस."

मला त्यांचे सुरतेतले ते पहिले दिवस ऐकून माहीत आहेत. एका खोलीत पाच-सहा लूमवाले, त्यातच एक नवं जोडपं. दोघांना बोलायला जागा नाही. सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागायचे, तिकीट स्वस्त, थिएटर रिकामं. पंख्याखाली तीन तास बसायला मिळायचं. पडद्यावरचं कोणाला कळत होतं? ती विचारायची, हा मनाला येईल ते सांगायचा. आणि या माणसावर, जो साध्या भेंडीवर विश्वास ठेवत नाही, त्या बाईने तेव्हापासून आजपर्यंत विश्वास ठेवला होता.

"आला वहिनी," मी म्हणालो. "परत आला म्हातारा."

"एकलाच ऊना?"

हा प्रश्न आप्पांनीही धरला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कोणीतरी उत्तर सुचवायला हवं होतं, पण गच्चीवर आम्ही दोघंच.

"नाही," मी म्हणालो. "मुलगा आला होता सोडायला."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. कोणीतरी पोर रडत होतं.

"पोऱ्यानी आनं म्हना," वहिनी हळूच म्हणाल्या. "मंग बरं शे. चला, डेअरीवर दूध घालानं शे माले." फोन बंद झाला.

आप्पांनी फोन उपरण्याने पुसला आणि खिशात टाकला. मी निघायला लागलो तशी त्यांनी माझी बाही धरली.

"पोऱ्या ऊना व्हता?"

खोटं त्यांनीच सुरू केलं होतं. थोड्या वेळापूर्वी याच म्हाताऱ्याला मी, हिलालदादाने आणि वानखेडेकाकांनी एकमताने शहरात ठेवलं होतं.

"हो," मी म्हणालो.

"मंग खाले काबरं नई सांगं मघाशी?"

"राहून गेलं आप्पा."

आता ते खाली जाऊन हिलालदादाला विचारणार, हे मी धरून चाललो होतो. ते उठले नाहीत. शेजारची जागा हाताने झाडली आणि मला बसायची खूण केली.

"बॅग कोना हातमा व्हती?"

"मुलाच्या."

"दोन्ही बॅगा?"

"दोन्ही. म्हाताऱ्याच्या हातात काहीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. खाली टँकर आला होता आणि बायकांचा गलका सुरू झाला होता. तो त्यांना ऐकू येत नव्हता, किंवा आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मंग बाई काय बोलनी?"

"काही नाही बोलली. दोघांना घरी घेऊन गेली. हातपाय धुवायला पाणी दिलं. जेवायला वाढलं."

"वाढंच व्हई," आप्पा म्हणाले. "लांबथीन येल शेतस ना दोन्ही."