प्रवाहाचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज

उत्तरेच्या महासागरात खाली उतरणाऱ्या प्रवाहाने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला होता आणि तो फिरत फिरत वेळकोंडच्या बंदर कार्यालयात येऊन पडला. वरच्या सात कार्यालयांनी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहून तो खाली ढकलला होता. नव्वद दिवसांत नकार कळवला नाही तर अर्ज मंजूर समजतात. हेमांगी तांडेल या कारकुनाच्या टेबलावर तो पोचला एकोणनव्वदाव्या दिवशी, आणि नकारावर सही करणारे साहेब नेमके रजेवर.

हेमांगीने दिवस पुन्हा मोजले. असा प्रवाह एकदा गेला की पुन्हा रुजू होत नाही. तो थांबला तर वारे चुकणार, पाऊस चुकणार, मासळी चुकणार. आणि तिचे दोन्ही भाऊ मासळीवर जगणारे.

प्रवाह समोरच्या बाकावर बसून होता. फरशी ओली होत होती. बर्फ वितळून गोडं पाणी मिसळतंय, अंगात पूर्वीसारखं मीठ उरलं नाही, असं त्याचं म्हणणं.

"बाई, माझं कामच खाली उतरायचं. आता नुसता तरंगतो. लाज वाटते."

हेमांगीला वाईट वाटलं, पण भीती त्याहून मोठी होती. काही अडवायचं असलं की कार्यालयात जे करतात तेच तिने केलं: त्रुटी शोधली. त्रुटीसाठी परत गेलेल्या अर्जाचे दिवस नव्याने मोजतात. तिसऱ्या पानावर रुजू दिनांकाची जागा कोरी सापडली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने लाल पेनाने शेरा मारला, सही ठोकली आणि अर्ज त्याच्या हातात दिला.

प्रवाहाने शेरा दोनदा वाचला. "मी लागलो तेव्हा तारखाच नव्हत्या. म्हणजे मी रुजूच नव्हतो?"

"कागदोपत्री नाही," हेमांगी सवयीने बोलून गेली.

"मग अर्जाची गरजच नव्हती."

तिने घाईघाईने नियमपुस्तक उघडलं. जो रुजू नाही त्याला कोणीही अडवू शकत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

"उद्यापर्यंत तरी थांबा. माझे भाऊ दर्यात आहेत."

"सांभाळून या म्हणावं त्यांना," प्रवाह म्हणाला, आणि नमस्कार करून निघून गेला.

फरशी वाळली. हेमांगीने रजिस्टरात 'निकाली' लिहिलं आणि पुढचा अर्ज ओढला. तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा होता. रुजू दिनांकाची जागा कोरी होती.

तिने लाल पेन खणात टाकलं, दार लोटलं आणि तिथे स्वतःची जन्मतारीख लिहिली, कारण ऐनवेळी दुसरी आठवेना.