होऊ द्या सावकाश

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की लोक आधी विचारतात, "जिन्यावर निवृत्तीअण्णा नाहीत ना?"

अण्णा दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि खालून वर पोचायला त्यांना पाव तास लागतो. गुडघे ठणठणीत आहेत. ते ध्यान करत चढतात. पाय उचलला की स्वतःशी "उचलला" म्हणतात, टेकला की "टेकला". मग त्या पायाला काय वाटतंय ते थांबून बघतात. जिना अरुंद, त्यामुळे मागे आख्खी इमारत तुंबते. एकदा खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेतलेला माणूस मागे अडकला. बाबा, जरा सरका की, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला. अण्णा मान न वळवता म्हणाले, "होऊ द्या सावकाश."

पंगतीत वाढपी म्हणतात ते हे वाक्य. अण्णा ते कुठंही म्हणतात. मुंबई नाक्याच्या सिग्नलला त्यांची स्कूटर दिवा हिरवा झाला तरी हलत नाही, कारण लाल दिव्यात सुरू झालेला श्वास पुरा व्हायचा असतो. मागचे हॉर्न वाजवतात, आणि अण्णा ते हॉर्न मन लावून ऐकतात.

मी त्यांच्या अगदी वरच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहते. शाळेत गणित शिकवते आणि सदैव घाईत असते. अण्णांच्या मते मी म्हणजे 'पायाला चाक लावलेली बाई'.

अण्णा मूळचे विंचूरकडचे. दोन वर्षांपूर्वी बायको वारली, तेव्हा मुलानं त्यांना नाशिकला आणलं. गावाकडच्या माणसाला फ्लॅटमध्ये करमेना. दिवसभर येरझाऱ्या घालायचे. शेवटी सुनेनं त्यांच्या फोनवर ध्यान शिकवणारं एक ॲप टाकून दिलं. त्यात एक बाई गोड आवाजात सूचना देते. डोळे मिटा, म्हणाली की अण्णा मोठ्यानं सांगायचे, "मिटले, ताई." एके सकाळी ताई म्हणाल्या, श्वास आत घ्या आणि रोखून धरा, आणि नेमकं नेट गेलं. अण्णा धरून बसले. सून चहा घेऊन आली तेव्हा सासरे टोमॅटोसारखे लाल. ती ओरडली, "अण्णा, सोडा!" तेव्हा सोडला. त्यानंतर त्यांनी ताईंचा नाद सोडला, ध्यानाचा मात्र धरून ठेवला.

एका रविवारी मला ते मिसळ खायला घेऊन गेले. लोक बाहेर नंबर लावून उभे होते. अण्णांनी चमच्यात मटकीचा एक दाणा घेतला, निरखला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग दुसरा. माझी मिसळ संपली, शेजारच्या टेबलावर तीन कुटुंबं जेवून गेली, पोऱ्यानं आमचं टेबल चार वेळा पुसलं. शेवटी मालक स्वतः आला आणि काही कमीजास्त झालंय का, असं अदबीनं विचारू लागला. अण्णा म्हणाले, "नाय ओ. लय भारी हाय. अजून अर्धी बी चाखली नाय."

सोसायटीच्या मीटिंगचा किस्सा तर सगळे सांगतात. पार्किंगवरून दोघांची जुंपली होती. अण्णा उठले आणि म्हणाले, आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. सगळे मुकाट उभे राहिले, माना खाली घातल्या. मिनिटभरानं सेक्रेटरी माझ्या कानाशी कुजबुजले, "कोण गेलं हो?" भांडणाऱ्यांपैकी एकानं तर डोळे पुसले. मग कोणी गेलेलं नाही हे कळल्यावर दोघं मिळून अण्णांवरच घसरले. पार्किंग मात्र त्या दिवशी मिटलं.

हे अण्णा पूर्वी काय करत होते, ते मला गणपतीत कळलं. प्रसादाच्या नारळाचा लिलाव होता आणि पुकारायला कोणी तयार नव्हतं. अण्णांचा मुलगा म्हणाला, आमचे अण्णा तीस वर्षं कांदा मार्केटला लिलाव पुकारत होते. सगळ्यांनी आग्रह केला आणि अण्णा उभे राहिले. पुढं जे तोंडातून सुटलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. आकडे, नावं, टोमणे, सगळं एका दमात. नारळ कोणाला गेला हे घेणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कळलं. टाळ्या वाजत होत्या, पण अण्णा आरतीलाही न थांबता घरी गेले. दोन दिवस दिसले नाहीत.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. वाचा हळूहळू येईल, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. सांभाळायला येणाऱ्या मावशी दुपारी दोनला जायच्या आणि मी साडेतीनला पोचायचे. तो दीड तास काय करायचं, या विचारात असताना अण्णा दारात आले. "मी बसतो की, मॅडम. नायतरी बसायचंच तर काम करतो."

आणि ते रोज बसू लागले. आईच्या कॉटशेजारी स्टूल टाकून, मांडीवर हात ठेवून. काही वाचायचे नाहीत, फोन बघायचे नाहीत.

आई त्या दिवसांत सारखी काहीतरी सांगायला बघायची. "सु... स..." एवढंच यायचं आणि तोंड वाकडं व्हायचं. मी लगेच सुरू. साखर? साडी? सुपारी? संडासला जायचंय? ती मान हलवायची, मग थकून भिंतीकडे तोंड फिरवायची. मला वाटायचं, मी तिचा त्रास वाचवतेय.

एके दिवशी मी आले तेव्हा आईचे ओठ हलत होते. कपाळावर घाम होता. मी पर्स टाकली आणि म्हटलं, "काय गं, सुई हवीय का?"

अण्णांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "मॅडम, थांबा. त्यांचं चाललंय."

मी उभी राहिले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. अण्णा नुसते आईकडे बघत होते, जणू त्यांना दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. आईनं डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाली, "सु... मन."

सुमन म्हणजे माझी धाकटी मावशी. कळवणला असते. एका लग्नातल्या मानपानावरून दोघी बहिणींनी अकरा वर्षं एकमेकींचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून ते आमच्याही तोंडात आलं नाही. मी तिथूनच मावशीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती आली. दारातच तिला माहेरची अहिराणी फुटली. "कशी शे व अक्का?" एवढं म्हणून ती आईच्या पायाशी बसली.

दोघींना तसंच सोडून मी दुसऱ्या मजल्यावर गेले. अण्णा गॅलरीत बसले होते. मी त्यांचे आभार मानले आणि विचारलं, एवढा धीर आणला कुठून?

अण्णांनी आधी चालू असलेला श्वास पुरा केला. मग म्हणाले, "आमची मंडळी बोलायला लय मंद. ती तोंड उघडायची अन् मी म्हणायचो, कळलं कळलं. जल्मभर तिचं वाक्य मीच पुरं केलं. दवाखान्यात होती, तवा म्हणली, अवो, मला ना... मी म्हणलं, कळलं. पाणी. पळत जाऊन पाणी आणलं."

"मग?"

"पिली ती. माझ्याकडं बघितलं अन् पिली. तिसऱ्या दिशी गेली." त्यांनी हात चोळले. "पाणी नव्हतं मागितलं तिनं."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. वाक्य तयारच होतं. पण अण्णांचे ओठ पुन्हा हलल्यासारखे वाटले, म्हणून मी ते गिळलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.