‘छोटी नांदी’च्या सुमनताई

सुमनताईंकडे तिसरी घंटा झाल्याशिवाय चहा मिळत नाही. कपबशा मांडून झाल्या की त्या पितळेची घंटी उचलतात. पहिल्या घंटेला पाहुण्यांनी मोबाइल बाजूला ठेवायचा, दुसरीला गप्प बसायचं, तिसरीला चहा. तोवर चहाचं सरबत झालेलं असतं. सोलापूरच्या उन्हात ते फारसं खटकत नाही, हा भाग वेगळा.

ताई आमच्या शेजारी राहतात. एकट्याच. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या ताईंनी मासिक काढलं. ‘छोटी नांदी’. संगीत नाटकांचं, आणि फक्त मुलांसाठी. लेखक त्याच, संपादक त्याच, चित्रांतल्या राजाच्या मिशा काढणाऱ्याही त्याच. झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढायच्या, स्टेपलर मारायचा आणि कॉलनीत, आसपासच्या शाळांत स्वतः वाटत फिरायचं. एखाद्या मोठ्या माणसानं हात पुढे केला तर, "तुमचं वय न्हाय हे," म्हणून अंक मागे घेतात.

मी माझ्या मुलीचा, मीराचा, अंक चोरून वाचतो. प्रश्नोत्तरांसाठी. एका मुलानं विचारलं होतं, ‘राजा मरता मरता एवढं लांब गाणं का म्हणतो?’ ताईंचं उत्तर : ‘मेल्यावर म्हणता येत नाही म्हणून.’ दुसरा प्रश्न होता, ‘राणी चिडली की गाते, मग माझी आई का गात नाही?’ उत्तर : ‘पेटीची साथ कोण देणार? तू शीक की.’

शाळांच्या गॅदरिंगची परीक्षणंही त्यात येतात. ताई मुलांना कधी नावं ठेवत नाहीत, मोठ्यांना मात्र सोडत नाहीत. ‘प्रमुख पाहुण्यांचं भाषण नाटकापेक्षा लांबलं आणि त्यात एकही पद नव्हतं,’ असं छापून आल्यापासून ते पाहुणे ताई दिसल्या की रस्ता बदलतात.

स्वतः ताई मात्र गात नसत. मीरानं हट्ट धरला तरी, "मी संपादक हाय. गाणं तुमी म्हणायचं," एवढंच.

यंदा मीराच्या शाळेनं ताईंनीच लिहिलेलं एक नाटुकलं बसवलं. मीरा झाली चिमणीराणी. आमच्या घरात भाजीसुद्धा चालीवर मागितली जाऊ लागली. गॅदरिंगला मीरा झोकात स्टेजवर आली, पदाची पहिली ओळ म्हटली आणि थांबली. पेटीवाल्या बाईंनी ओळ पुन्हा वाजवली. मीरा गप्प. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग ते हसू पुढे पुढे सरकत आलं. मीरा रडायच्या बेताला आली. मी खुर्चीला खिळलेला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या ताई उठल्या आणि त्यांनी खणखणीत आवाजात ते पद सुरू केलं. काय सांगू! सूर अक्कलकोटला, ताल बार्शीला. पेटीवाल्या बाईंनी हातच उचलले. सगळा हॉल ताईंकडे बघून खो खो हसायला लागला. ताईंनी पदर खोचला आणि दुसरी ओळ धरली. ते बघून मीरालाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिला पुढचे शब्द आठवले. ती गायला लागली तशा ताई मुकाट्यानं खाली बसल्या.

रिक्षातून परतताना मीरा माझ्या मांडीवर झोपून गेली. मी ताईंना म्हटलं, "एवढे लोक हसत होते. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"हसू देत की. मला हसत हुते तवर पोरीकडं कुणाचं ध्यान नव्हतं."

त्यांनी मीराची घसरलेली ओढणी सारखी केली.

"मी हिच्याएवढी असताना अशीच अडकले हुते. लई हसले लोक. पुन्हा स्टेजवर गेलेच न्हाय. तवा कुणीतरी उठलं असतं तर..."

त्यांनी मीराच्या गालावरचा रंग पदरानं हलकेच पुसला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं,

"चाल लई चुकली का हो माझी? इतक्या वर्षांनी म्हटलं की."