चोवीस घरांत एक ड्रिल

बातमी आली त्या दिवशी मिस्टर रेकॉर्ड रूममध्ये मुदत संपलेल्या फाइली वेगळ्या काढत होते. मंगळवार होता. पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. ‘नष्ट करावे’ या शिक्क्यातलं ‘नष्ट’ झिजून गेलं होतं आणि प्रत्येक फाइलवर नुसतंच ‘करावे’ उमटत होतं, हीच काय ती त्या दिवशीची अडचण. तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या दारातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बोलत होत्या.

“लगेच घरी या. ताई जिन्यात टेकल्या होत्या जरा... उठल्याच नाहीत.”

मिस्टरांनी विचारलं, “कितव्या मजल्याच्या?”

(असा प्रश्न आपण का विचारला, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेला माणूस आभाळ कोसळलं तरी आधी रकाना भरतो, एवढंच म्हणता येईल.)

“तिसऱ्या,” बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

ते पोचले तेव्हा करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी ड्रिल मशीन उभं होतं. कुणीतरी त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली होती. दुसऱ्या मजल्यावरचं ते मशीन चौथ्यावर पोचवायला ताई निघाल्या होत्या.

मिस्टरांना स्वतःचं नाव आहे. ऑफिसच्या हजेरीपटावर ते रोज दिसतं. पण बिल्डिंगमध्ये ते कायम ‘ताईंचे मिस्टर’ होते, आणि पुढे लोकांनी सोयीसाठी ‘ताईंचे’ही गाळलं. त्यांची त्याला कधी हरकत नव्हती. बिल्डिंगमध्ये ओळखायचं तर ताईंनाच ओळखायला हवं होतं.

ताईंचं म्हणणं साधं होतं. भिंतीला भोकं पाडायला एका घराला वर्षात किती वेळ लागतो? फार तर दहा मिनिटं. मग त्या दहा मिनिटांसाठी चोवीस घरांनी चोवीस मशीनं विकत आणून उरलेलं वर्ष ती कपाटात झोपवायची कशाला? म्हणून चोवीस घरांत एक ड्रिल होतं. एक शिडी, दोन मोठी पातेली, तीन बॅगा, कुबड्यांची एक जोडी आणि एक पाळणा. त्या पाळण्यात सात पोरं वाढली होती आणि त्या कुबड्यांवर पाच माणसं बरी झाली होती. बिघडलेला मिक्सर टाकून द्यायचा नाही, चौथ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला दाखवायचा. शर्टाची कॉलर विरली की शर्ट फेकायचा नाही, तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांकडून ती उलटवून घ्यायची. नियम दोनच. कुणी मागितलं की द्यायचं. आणि काम झालं की वस्तू ताईंकडे आणायची नाही, पुढच्या घरी पोचवायची. त्यामुळे एवढा पसारा असून ताईंच्या घरात त्यातलं काही नसायचं. सगळं बिल्डिंगभर फिरत असायचं, आणि त्याचा हिशोब फक्त ताईंच्या डोक्यात.

“ताई, शिडी कुठाय हो?”

“दुसऱ्यावर, डावीकडे. पण आज ती बाईंकडे जाईल, त्यांचा पडदा निसटलाय. तुम्ही उद्या घ्या. आणि वर येताना ते पातेलं खाली ठेवून आलात, म्हणून समजू ना मी?”

मिस्टर पेपरच्या आडून हे ऐकायचे आणि त्यांचा जीव कासावीस व्हायचा. “अगं, निदान एक रजिस्टर ठेव.”

“रजिस्टर ठेवलं की लोक रजिस्टरशी बोलतील,” ताई म्हणायच्या. “मग माझ्याशी कोण बोलणार? तुम्ही?”

ताई गेल्या आणि पंधरवड्यात बिल्डिंगने एक चूक केली. चूक चांगुलपणाची होती. प्रत्येक घराला स्वतंत्रपणे असं वाटलं, की ज्यांची वस्तू त्यांना परत द्यायला हवी. आता ती वापरत बसणं बरं दिसत नाही. बेल वाजायची. दारात गंभीर चेहरा आणि हातात काहीतरी.

“ताईंचं होतं.”

“हो का? ठेवा.”

“काही लागलं तर सांगा हं, मिस्टर.”

“हो.”

आणि काही लागायच्या आत पुन्हा बेल. शिडी आली. पातेली आली. एकीत एक घातलेल्या तीन बॅगा आल्या. कुबड्या घेऊन जो आला त्याचं प्लॅस्टर निघायचं होतं. तो कुबड्या दारात ठेवून, कठडा धरून, एका पायावर उड्या मारत परत गेला. “अहो, राहू द्या की!” असं मिस्टरांनी म्हणायला हवं होतं. पण त्या दिवसांत ते कुणाला काहीच म्हणत नव्हते. फाइल घ्यावी तशी वस्तू घ्यायची आणि भिंतीला लावायची. महिन्याभरात दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाथरूमला जायचं तर पाळणा उचलून पलंगावर ठेवावा लागे, आणि परत आल्यावर झोपायचं तर पलंगावरून खाली.

एका रविवारी त्या पसाऱ्याकडे बघता बघता मिस्टरांच्या मनात आलं, की हे आपण चालवायला हवं. ताईंनी उभं केलेलं ताईंबरोबर संपता कामा नये. ते उठले आणि रजिस्टर घेऊन आले. (पहिल्यांदा दार उघडून हाक मारावी, असंही सुचू शकलं असतं. पण सुचायला माणूस वेगळा लागतो.)

घरातली जी जी वस्तू ओळखीची वाटली नाही तिच्यावर त्यांनी नंबर टाकला. नंबर बासष्टपर्यंत गेले. मग दारावर सूचना लागली: वेळ सायंकाळी साडेसहा ते साडेसात. अर्ज दोन प्रतींत. वस्तू तीन दिवसांत परत. प्रयोजन स्पष्ट लिहावे.

पहिल्या आल्या बाई.

“मिस्टर, शिडी द्या. बल्ब गेलाय.”

“अर्ज आणलात?”

“समोरच्या दारातून आलेय मी! तुम्हाला दिसतोय ना माझ्या घरातला अंधार?”

“प्रयोजनात तेच लिहा.”

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, वळणदार अक्षरात. मिस्टरांनी चष्मा लावून वाचलं. “तारीख राहिली.”

बाईंनी त्यांच्याकडे, वहीत नुसतं चित्र काढून आणणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं, आणि गेल्या. दोन दिवसांनी त्यांच्याकडे नवी शिडी आली. घडीची, अॅल्युमिनियमची. तिचा खोका, थर्माकोल आणि प्लॅस्टिक आठवडाभर जिन्याखाली पडून होतं.

मग दर काही दिवसांनी जिन्याखाली नवा खोका दिसायला लागला. चौथ्या महिन्यातल्या एका सकाळी मिस्टरांच्या कानावर ड्रिलचा आवाज आला. नंबर एकचं ड्रिल तर त्यांच्या पायाशी होतं. मग दुसऱ्या मजल्यावरून दुसरा आवाज आला, जरा घोगरा. पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी पाच वेगवेगळे आवाज ओळखले. ताईंनी बारा वर्षांत जे होऊ दिलं नव्हतं ते त्यांच्या रजिस्टरने तीन महिन्यांत करून दाखवलं होतं. रजिस्टर मात्र नमुनेदार होतं; ऑफिसात दाखवलं असतं तर शेरा चांगला मिळाला असता. मिस्टरांनी ते मिटलं आणि दिवसभर जेवले नाहीत.

पाचव्या महिन्यात लेक आली. ती दुसऱ्या गावात राहते, हॉस्पिटलात काम करते, आणि आल्या आल्या चहा टाकते.

“बाबा, पातेलं कुठाय?”

“बावीस.”

“काय बावीस?”

“नंबर बावीस. बाहेर आहे. पहिल्या मजल्यावाल्यांनी रीतसर अर्ज करून नेलंय.”

“अहो, ते आपलं चहाचं पातेलं होतं!”

“आपलं?”

लेकीने कमरेवर हात ठेवून घर पाहिलं. “कुकर?”

“एक्केचाळीस.”

“खुर्च्या? त्या चार खुर्च्या कुठायत?”

“बारा ते पंधरा. टेरेसवर मीटिंग होती.”

“आणि या घड्याळावर सत्तावीस का लिहिलंय?”

“ते कुणाचं आहे ते कळलं नाही.”

“तुमच्या लग्नातलं आहे ते!” लेक हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली आणि मग तिचं हसू ओसरलं. “बाबा, तीस वर्षं राहिलात या घरात. आईची म्हणून एक तरी वस्तू ओळखून बाजूला ठेवलीत का?”

“ठेवलीय,” मिस्टर ताठ होऊन म्हणाले.

त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याशेजारी, खिडकीपाशी एक लाकडी स्टूल होतं. गोल, बुटकं, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेलं. त्याच्यावर नंबर नव्हता.

“संध्याकाळी यावर बसून भाजी चिरायची. वारा आवडायचा तिला इथला.” त्यांनी खिशातून रुमाल काढून स्टुलावरून फिरवला. “मी रोज पुसतो. कुणाला बसू देत नाही. मीही बसत नाही.”

लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच उभे राहिले. (नाहीतरी बसायला तिथं दुसरं काही नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी लेकीने दारावरची सूचना काढली आणि चोवीसही घरांच्या बेला वाजवल्या. “काका, काकू, आमच्या बाबांना घरात चालता येत नाहीये. ज्याला जे लागतं ते न्या, आणि झालं की पुढच्याला द्या. आई सांगायची तसंच. आणि ज्यांनी नवीन आणलंय त्यांनी तेही फिरवायला काढा.” लोक आले. आधी दारात घुटमळले, मग आत शिरले, मग एकमेकांशी बोलायला लागले.

“पाळणा मी नेते, सुनेला सातवा लागलाय.”

“शिडी?”

“शिडी माझ्याकडची न्या,” बाई म्हणाल्या. “अर्ज नको. पण तारीख सांगा हं, मिस्टरांना लागते.”

मिस्टरसुद्धा हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

दुपारपर्यंत घर मोकळं झालं. शेवटी टेलरमास्तर आले. गळ्यात टेप, कानावर खडू. ते काही मागेनात. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून आत बघत राहिले.

“मास्तर, तुम्हाला काय हवंय?” मिस्टरांनी विचारलं.

“काही नाही. सहज आलो.”

“काका, बसा तरी,” असं म्हणून लेकीने नकळत स्टूल पुढे ओढलं.

“नको!” मिस्टर ओरडले.

“नको, नको!” मास्तरही ओरडले.

लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. “बाबांचं समजलं. तुम्ही का ओरडलात, काका?”

मास्तरांनी टेप बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “ते... माझं आहे. मशीनपुढचं.”

लेकीने स्टुलावरचा हात काढून घेतला.

“ताईंनी मागितलं होतं,” मास्तर म्हणाले. “म्हणाल्या, ओट्यापाशी उभं राहिलं की कंबर धरते. मास्तर, तुमच्या स्टुलाची उंची बरोबर आहे, महिनाभर देता का? मी दिलं. आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी...”

“कंबर?” मिस्टर म्हणाले. “तिची कंबर दुखत होती?”

“वर्षभर.”

“मला नाही बोलली.”

“म्हणाल्या, मिस्टरांना सांगू नका. डॉक्टरकडे नेतील आणि सगळे कागद फाइलला लावत बसतील.”

हे इतकं खरं होतं, की मिस्टरांना रागसुद्धा येईना. वाऱ्यासाठी बसते असं त्यांना वाटायचं. समोर पेपर असायचा आणि कागदाच्या वरच्या कडेवरून ती दिसायची, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

“मग तुम्ही इतके महिने कशावर बसताय?” लेकीने विचारलं.

“रंगाचा डबा आहे रिकामा. पालथा घालतो.”

“मागितलं का नाहीत, काका?”

“आलो होतो एकदा. दार उघडं होतं. मिस्टर ते रुमालाने पुसत होते.” मास्तर जमिनीकडे बघत बोलत होते. “मागितलं असतं तर त्यांना द्यावं लागलं असतं. नियमच आहे तो. म्हणून मी मागितलंच नाही.”

ते गेले. जिना उतरताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला होता, तो मिस्टरांना वरून दिसला.

आता सगळं पुन्हा सुरू झालं आहे. पाचही नवी ड्रिलं लोकांनी पलीकडच्या बिल्डिंगला देऊन टाकली. तिकडेही चोवीस घरं आहेत आणि तिकडच्या एका काकूंनी दोन्ही नियम समजून घेतले आहेत. कुबड्या सहाव्या माणसाकडे आहेत. मिस्टर ऑफिसातून येताना दोन-तीन दारं वाजवतात, शिडी कुठे आहे ते विचारतात आणि डोक्यात ठेवतात. डोक्यात राहत नाही, पण लोक पुन्हा सांगतात. बोलणं होतं.

एकच गोष्ट बिल्डिंगच्या लक्षात आली आहे. मास्तरांची शिलाई हल्ली तिरकी जाते. बाईंच्या ब्लाउजची एक बाही लांब येते, इलेक्ट्रिशियनच्या शर्टाची उलटवलेली कॉलर एका कानाकडे झुकते. कुणी तक्रार करत नाही. का ते सगळ्यांना माहीत आहे. मिस्टरांची ऑफिसची पँट मास्तरांनी परवाच दुरुस्त करून दिली. डावा पाय दोन बोटं आखूड आहे. मिस्टर ती रोज घालतात आणि घोटा दिसू नये म्हणून जरा वाकून चालतात.

संध्याकाळी ते स्टूल उचलतात, दारापर्यंत आणतात आणि परत खिडकीपाशी नेऊन ठेवतात. ते अजून खाली पोचवलेलं नाही.