हिरॉईन ठरलीया

दगडूदादांच्या गोठ्यात पहाटे पाचला इंग्रजी रॉक बँड वाजतो आणि आमच्या गल्लीची झोप उडते. तक्रार करायला गेलो तर म्हणाले, "सर, गिटार लागली की धार झकास सुटती."

म्हशी हे निमित्त. या माणसाला त्या जगप्रसिद्ध बँडच्या बारा गाण्यांवर मराठी सिनेमा काढायचाय. इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो म्हणून अर्थ सांगायला बसवलं. एका गाण्यात प्रेयसी सोडून गेलीय, असं सांगितलं तर माझीच कीव केली. "अवो, बाईसाठी कोण एवढं वरडतंय? बांधाचा वाद हाय ह्यो." झालं, गाणं बांधावर गेलं. ड्रम बडवलेल्या गाण्यात शिंगं रंगवलेल्या म्हशी सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलीमागं पळणार होत्या.

हिरॉईनचा मात्र पत्ता नव्हता. नाचणाऱ्या चार पोरी आल्या, त्यांना चहा पाजून परत धाडलं. "हिरॉईन ठरलीया. फकस्त ह्या दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त झाला पायजे, फुडं जमायचं न्हाय." म्हटलं, म्हातारा चळला.

आदल्या दिवशी मला दुधाच्या टेम्पोत घालून गारगोटीला नेलं. तिथं त्यांची धाकटी बहीण सुशीलाक्का, पासष्टीची, अंगणात भात पाखडत होती. दिवाळी झाली की तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. दादा म्हणाले, शूटिंगला चल. ती सूप ठेवून पिशवी भरायला आत गेली.

तेवढ्यात दादांनी सांगितलं. सोळाव्या वर्षी अक्काची सिनेमाच्या स्टुडिओत नाचायला निवड झालेली. आत ह्याच बँडची तबकडी वाजत होती.

"मीच हाताला धरून फाटकातनं वडत आणली. लोकं नावं ठेवतील म्हणून. त्येनंतर ती कवाच नाचली न्हाय, सर. सोताच्या लग्नातबी न्हाय."

एवढा राकट गडी, लहान पोरागत रडला.

पाडव्याला नारळ फुटला. म्हशी नटून उभ्या. कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल. गाणं लागलं. दादांनी अक्काला हाताला धरून पुढं आणलं आणि तिथंच खांबासारखे उभे राहिले. मी एकदा ॲक्शन म्हणालो, दोनदा म्हणालो. हलायला तयार नाहीत.

शेवटी अक्काच हळू आवाजात म्हणाली, "दादा, हात सोड की आता. नाचू दे मला."