रिकाम्या जत्रेचे नत्थूभाऊ

आमचे शेजारी नत्थूभाऊ जत्रेला न चुकता जातात. फक्त जत्रा भरायच्या आधी जातात.

हुडकेश्वरला आमच्या वस्तीत तान्ह्या पोळ्याला रस्ताभर जत्रा भरते. पोरं लाकडी बैल सजवून आणतात, घरोघरी बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागतात, भज्यांच्या गाड्या लागतात, पाळणे येतात. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. नत्थूभाऊ भर दुपारी, बांबू ठोकणं चालू असताना पोचतात. तेल तापलेलं नसतं, फुगे फुगलेले नसतात. पाळणेवाला नट आवळत असतो, तेव्हा हे थांबलेल्या पाळण्यात बसतात, इकडेतिकडे बघतात आणि समाधानानं उतरतात. घरी येताना मला फाटकातूनच सांगतात, "पाहून घेतली बाप्पा जत्रा! एकदम निवांत."

गर्दीचं यांना इतकं वावडं, की सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर "जाऊ द्या, मागची रिकामी असन," म्हणत गाड्यांमागून गाड्या सोडतात. संध्याकाळच्या लग्नाला सकाळीच जाऊन येतात. एकदा तर घाईघाईत डेकोरेशनवाल्यालाच नवरदेव समजून त्याच्या डोक्यावर अक्षता टाकून आले. तो बिचारा शिडीवरून उतरून यांच्या पाया पडला! स्वतःचं लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "वरात काढा लागते नं वहिनी."

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, सुमनताई. दोघं मूळ पारशिवनीकडची. यजमान गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ताईंना जत्रेचा भारी सोस. दर तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी त्या माझ्यासोबत निघायच्या. प्रत्येक पोराचा बैल थांबवून बघायच्या, "शिंगं कोनं रंगवली रे?" विचारायच्या, भजी खाताना तोंडभर हसायच्या. त्यांच्याबरोबर जत्रा फिरणं म्हणजे मजा होती. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू अधू होत गेली आणि यंदा पार गेली. तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, फारसं बोलतही नव्हत्या. नत्थूभाऊंच्या जिवाला तोच घोर लागला होता.

यंदा त्यांनी ताईंना आपल्या पद्धतीनं जत्रा दाखवायची ठरवली. दुपारी हात धरून घेऊन गेले. मी फाटकाशीच होते, दोघं लगेच परत आले. ताईंचा चेहरा उतरलेला.

"काय झालं ताई?"

"काय होनार वं? बांबू ठोकून राहिले लोकं. मले दिसत तं नाही. मानसंच नाही आले, तं मी जत्रा म्हनून ऐकू काय?"

नत्थूभाऊ ताईंना घेऊन आत गेले. दिवेलागणीला माझ्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, कपाळावर आतापासूनच घाम.

"वहिनी, तुम्ही समोर चाला. ताईले जत्रेत न्या लागते."

निघालो. मी पुढे, मागे हे दोघं. भोंगे, पिपाण्या, पोरांचा कल्ला. जरा आत गेल्यावर मी वळून पाहिलं, तर ताई चाचपडत पुढे आणि नत्थूभाऊ त्यांचा हात घट्ट धरून, डोळे गच्च मिटून मागे! एकीला दिसत नाही आणि दुसरा बघत नाही. मला हसू आवरेना.

"हासू नको वं," ताई म्हणाल्या. "लहानपनी बी असाच होता. माय गेली, तवा हा एवढासा. मले जत्रेचा नाद, अन् याले घरी एकटा कसा ठेवू? गर्दी पाह्यली का रडे. मंग मी म्हनो, डोळे मीट अन् माहा हात धर. माह्यासाठी साऱ्या जत्रा यानं अशाच काढल्या. एकही पाह्यली नाही."

मग त्या थांबल्या. मागून लोक धडकत होते. त्यांनी भावाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"नत्थू, डोळे उघड गा. आता मले नाही दिसत. आता तुले पाहा लागते."

नत्थूभाऊंनी डोळे उघडले. सगळीकडून माणसंच माणसं. त्यांचं एक पाऊल मागे पडलं. वाटलं, आता हे माघारी पळणार.

"ताई," ते कसेबसे म्हणाले, "एक पोरगी आहे. तिचा बैल तिच्याहून मोठा आहे. बैलाच्या शिंगाले झिरमिळ्या अन् पोरीच्या नाकाले शेंबूड."

ताई खळखळून हसल्या. कितीतरी महिन्यांनी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अन् तिच्या मांगं?" ताईंनी विचारलं. "तिच्या मांगं कोन आहे?"

आणि त्या धक्काबुक्कीत नत्थूभाऊ, बहिणीच्या खांद्याचा आधार घेऊन, टाचा उंचावून पुढचं पाहू लागले.