बारावी वाटी

ओव्हन उद्या दुकानात वापस जाणार, असं हैदर बागवानांनी जाहीर केलं तेव्हा त्यांची लेक तरन्नुम मैद्यात लोणी चोळत होती. लग्नघरी मेंदी काढून साठवलेल्या पैशातनं तिनं तो आणला होता. बापाला न विचारता घरात आलेली वस्तू बापाच्या डोळ्यांत खुपतेच. तोंडानं लाइटबिलाचं कारण सांगतात, दुखणं भलतंच असतं. परतीची मुदत शनिवारपर्यंत होती आणि आज शुक्रवार.

सईदानं, म्हणजे तरन्नुमच्या आईनं, नवऱ्याला घोळात घेऊन एक अट काढून घेतली. गल्लीतल्या पाच जणांनी आपणहून दुसरी वाटी मागितली, तर ओव्हन राहील.

फळं बापाचीच होती. बीडच्या स्टँडजवळच्या गाड्यावर न खपलेली, मऊ पडलेली सफरचंदं आणि नासपती. एरवी ती शेळ्या राखणारा आप्पाराव शेळ्यांसाठी न्यायचा. शेळी तुमची नासपती हुंगून सोडती, असं तो रोज सांगायचा. शेळीलाच अक्कल नाही, असं हैदर रोज ऐकवायचे. आपला माल वाईट असू शकतो हे त्या माणसानं तीस वर्षांत एकदाही कबूल केलं नव्हतं.

बारा स्टीलच्या वाट्यांत फळांच्या फोडी, वर मैदा, लोणी आणि साखरेचा भुरभुरीत चुरा. नाव क्रंबल. अकरा वाट्या खरपूस निघाल्या. बारावी, नुसत्या नासपतीची, जरा फिकी वाटली म्हणून तरन्नुमनं ती आतच ठेवली. बाकीच्या गार व्हायला दारापुढच्या ओट्यावर मांडल्या, धुळीला नको म्हणून आपली हिरवी ओढणी झाकली. माशा येऊ नयेत म्हणून सईदानं शेजारी दोन उदबत्त्या लावल्या. मग दोघी हात धुवायला आत गेल्या.

तेवढ्यात शेजारचे रईसचाचा नमाजाहून परतले. हिरवं कापड, उदबत्ती, खाली गोड चुरा. चाचांना दर्ग्यावर चढवतात तो मलिदा दिसला. वाट्यांत कशापायी, असं त्यांना वाटलंही असेल, पण आजकालच्या पोरींचं काय सांगावं. ते बसले, हात उचलले, शांतपणे फातिहा, म्हणजे प्रसादावरची दुआ, दिली आणि गल्लीला हाक मारली.

दोघी बाहेर आल्या तर ओट्यावर गर्दी. डोकी झाकलेली, हात पुढं. नियाजला, फातिहा दिलेल्या प्रसादाला, नको कोण म्हणणार? वाट्या साफ झाल्या. नऊ जणांनी घरच्यांसाठी आणखी मागितलं.

"नऊ झाले, अब्बा," तरन्नुम म्हणाली.

"एक बी धरणार न्हाई," हैदर म्हणाले. "नियाज म्हणून कारल्याचा भुगा दिला असता तरी लोकांनी डोळ्याला लावून खाल्ला असता."

चाचा ओशाळले. आपण दिलेली फातिहा परत घेता येते का, याचा ते खरोखर विचार करू लागले.

तरन्नुमला ओव्हनमधली वाटी आठवली. तिच्यावर फातिहा झालेली नव्हती. पण खाणार कोण? सगळी गल्ली आता फितूर. नेमका आप्पाराव शेळी घेऊन फळं न्यायला आला. हैदर खूश झाले. हा बाबा तोंडावर बोलणारा.

"आप्पाराव, ही वाटी खा आन् खरं सांग."

"मला शुगर हाय, मालक. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"मंग शेळीला द्या," सईदा म्हणाली. "तिला कुणाची भीड न्हाई."

"शेळी काय बी खाती," हैदर म्हणाले.

आप्पारावला ते लागलं. "काय बी? तुमची नासपती खाती का?"

वाटी गार करून खाली ठेवली. गल्ली भोवती गोळा झाली. शेळीनं हुंगलं, जीभ लावली आणि वरचा चुरा कडेकडेनं चाटून साफ केला. मग थांबली. खाली नासपतीच्या फोडी जशाच्या तशा. शेळी एकदा शिंकली, वळली आणि तरन्नुमच्या चुरा लागलेल्या ओढणीचं टोक चघळू लागली.

"मागितली दुसरी," सईदा म्हणाली.

हैदर वाटीत बघत होते.

"आमी रोज काय सांगत होतो, मालक," आप्पाराव हळूच म्हणाला.

शनिवारी ओव्हन कुठंच गेला नाही. सकाळी हैदरांनी बाजारातनं नासपतीची नवी पेटी आणली, पण गाड्यावर मांडली नाही. आप्पारावला फोन लावला.

"शेळी घेऊन ये," ते म्हणाले. "माल तपासायचाय."